सोरायसिसचा चट्टा पुन्हा त्याच जागी का उठतो? त्वचेतला दाह शरीर आवरतं कसं?

म्हापसा_फार्मसी

पावसाळा लागला की काउंटरवर त्वचेच्या तक्रारी वाढतात. त्यात सोरायसिसचं निदान आधीच झालेले रुग्ण बरेच असतात. ‘ऑटोइम्युन आजार आहे’ (म्हणजे प्रतिकारपेशी स्वतःच्याच शरीरावर उलटतात) एवढं सांगून त्यांची बोळवण करायला मन घेत नाही, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते.

एक, क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड मलम लावून कोपरावरचा चट्टा पूर्ण जातो आणि काही महिन्यांनी तोच चट्टा, जवळजवळ त्याच कडांसकट परत येतो. नव्या जागी का नाही? दोन, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी अंग झटपट साफ होतं, पण गोळ्या थांबवल्या की आधीपेक्षा वाईट उठतं. प्रतिकारशक्ती दाबणारं औषधच उलटतं कसं? तीन, बहुतेकांना वाटतं की ‘इम्युनिटी कमी झाली’ म्हणून हा आजार झाला, आणि ते वाढवण्याचे काढे नि गोळ्या मागतात. चार, बायोलॉजिक (दाहाचा एखादाच संदेश अडवणाऱ्या) इंजेक्शनाआधी टीबीची तपासणी का करतात?

आणि मुळात, निरोगी माणसाच्या प्रतिकारपेशी स्वतःच्या त्वचेवर का उलटत नाहीत?

त्वचावैद्य_फोंडा

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

टी-पेशी, म्हणजे हल्ला करणाऱ्या नि तो आवरणाऱ्या प्रतिकारपेशी, छातीतल्या थायमस ग्रंथीत घडतात. तिथे ‘एआयआरई’ नावाचं जनुक शरीरातल्या निरनिराळ्या अवयवांची प्रथिनं नमुन्यादाखल दाखवतं आणि त्यांना जोरात चिकटणाऱ्या टी-पेशी मारल्या जातात. ही गाळणी पक्की नाही. स्वतःच्या ऊतींवर डोळा असलेल्या काही पेशी प्रत्येकाच्या रक्तात निसटतातच. म्हणून थायमसच्या बाहेर दुसरी व्यवस्था लागते, आणि ती म्हणजे नियामक टी-पेशी, ज्यांना आम्ही टी-रेग म्हणतो. शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांचं मुख्य जनुक फॉक्सपी३ शोधलं. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना याच कामासाठी मिळालं.

फॉक्सपी३ जन्मतः बिघडलेलं असलं तर बाळाला आयपेक्स नावाचा आजार होतो: अंगभर एक्झिमासारखं पुरळ, न थांबणारे जुलाब, तान्हेपणीच मधुमेह. बिघाड एका जनुकात, आणि त्वचा, आतडं, स्वादुपिंड तिन्हींवर स्वतःच्याच पेशींचा हल्ला. या एका उदाहरणावरून ब्रेक किती महत्त्वाचा आहे ते कळतं.

हा ब्रेक लागतो तीन-चार मार्गांनी. टी-रेगच्या पृष्ठभागावर सीडी२५ भरपूर असतं. ते आयएल-२ शोषून घेतं (‘आयएल’ म्हणजे इंटरल्युकिन, पेशींची संदेश-रसायनं), त्यामुळे शेजारच्या हल्लेखोर टी-पेशींना वाढायला लागणारा संदेश कमी पडतो. सीटीएलए-४ हे प्रथिन डेन्ड्रिटिक पेशींवरची (टी-पेशींना धोका दाखवून चेतवणाऱ्या पेशी) सीडी८० आणि सीडी८६ ही चेतवणारी प्रथिनं काढून नेतं. शिवाय टी-रेग आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा ही दाह शमवणारी रसायनं सोडतात. त्वचेत त्यांची वस्ती केसांच्या मुळांभोवती दाट असते.

सोरायसिसच्या चट्ट्यात टी-रेग नसतात असं नाही. संख्या बऱ्याचदा वाढलेलीच सापडते. पण आयएल-६ आणि आयएल-२३ या दाह पेटवणाऱ्या संदेशांनी भरलेल्या वातावरणात त्यांची दाबण्याची ताकद घटते, आणि काही तर स्वतःच आयएल-१७ बनवू लागतात. म्हणून काढा मागणाऱ्याला सांगा: या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. तिची एक विशिष्ट साखळी थांबत नाही, आणि ‘वाढवणाऱ्या’ औषधाला ती साखळी वगळून बाकीचं वाढवता येत नाही.

ती साखळी अशी. खरचटणं, घशाचा स्ट्रेप्टोकॉकस संसर्ग किंवा लिथियम, बीटा-ब्लॉकर, क्लोरोक्विन यांसारखी औषधं ठिणगी टाकतात. दुखावलेल्या त्वचापेशी एलएल-३७ हे पेप्टाइड सोडतात. ते मेलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटतं आणि प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रिटिक पेशींना टीएलआर-९ या संवेदकामार्फत फसवतं. त्यांना वाटतं विषाणू आला, आणि त्या इंटरफेरॉन-अल्फा हा विषाणूविरोधी संदेश सोडतात. त्याने दुसऱ्या डेन्ड्रिटिक पेशी जाग्या होऊन टीएनएफ आणि आयएल-२३ ही दाह पेटवणारी रसायनं बनवतात. आयएल-२३ मुळे टीएच-१७ नावाच्या टी-पेशी टिकतात, वाढतात आणि आयएल-१७, आयएल-२२ ओततात. आयएल-१७ मिळालेली त्वचापेशी पुन्हा एलएल-३७ बनवते, सीसीएल२० सोडून आणखी टीएच-१७ बोलावते आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी ओढते. वर्तुळ पूर्ण झालं. एकदा ते फिरू लागलं की मूळ ठिणगी विझली तरी थांबत नाही. त्वचेचा वरचा थर नव्याने यायला साधारण २८ दिवस लागतात. चट्ट्यात तेच काम ३ ते ५ दिवसांत उरकतं. पेशी कच्च्या असतानाच वर येतात आणि चंदेरी पापुद्रे साचतात.

आता त्याच जागी का? दाह शमला तरी त्या जागेच्या त्वचेत ऊतीनिवासी स्मृती-टी-पेशी राहतात. त्यांच्यावर सीडी६९ आणि सीडी१०३ ही प्रथिनं असतात. यातलं सीडी१०३ त्यांना वरच्या थराला बांधून ठेवतं, त्यामुळे त्या रक्तात परतत नाहीत. वरून स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेत त्या वर्षानुवर्षं तग धरतात आणि पुन्हा ठिणगी पडली की आयएल-१७ तयार करायला त्यांना वेळ लागत नाही. क्लोबेटासॉल त्यांना गप्प करतं, घालवत नाही.

यातून काउंटरवर सांगण्यासारखं हे. लाली फिकी झाली म्हणजे चट्टा बरा झाला असं नाही. डोळे मिटून बोट फिरवावं, जाडी हाताला लागते तोवर उपचार अपुरा. क्लोबेटासॉल ०.०५ टक्के सलग २ आठवड्यांपेक्षा जास्त नाही आणि आठवड्याला ५० ग्रॅमवर नाही. जाडी गेल्यावर एकदम बंद न करता डॉक्टरच्या सल्ल्याने जुन्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस स्टेरॉइड आणि मधल्या दिवशी कॅल्सिपोट्रिऑल (ड जीवनसत्त्वासारखं मलम) असा क्रम ठेवतात. मात्रेसाठी बोटाच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या त्वचेला ती पुरते. बहुतेकजण याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग औषध चालत नाही म्हणतात. चेहरा, काखा आणि जांघ इथे क्लोबेटासॉल नकोच, तिथली त्वचा पातळ होते आणि रेघा पडतात.

म्हापसा_फार्मसी

बोटाने जाडी तपासण्याचं आजपासूनच सांगते. पण गोळ्या बंद केल्यावर उलटणं अजून उमगलं नाही.

पेशीशास्त्र

प्रेडनिसोलोन साखळीच्या सगळ्याच कड्यांवर एकदम बसतं, त्वचापेशी, डेन्ड्रिटिक पेशी, टी-पेशी. म्हणून आठवड्याभरात फरक दिसतो. पण स्मृती-पेशी जागेवरच असतात, टी-रेगची दुर्बलता दुरुस्त झालेली नसते. औषध रक्तातून गेलं की सगळ्या कड्या एकाच वेळी मोकळ्या होतात. काही रुग्णांत ही उसळी साध्या चट्ट्यांवर न थांबता पूवाच्या फोडांच्या सोरायसिसमध्ये जाते, आणि तिथे एक वेगळाच ब्रेक कामाचा आहे.

आयएल-३६ हा त्वचापेशींचा धोक्याचा संदेश. त्याला अडवायला शरीर आयएल-३६ रिसेप्टर अँटॅगोनिस्ट नावाचं प्रथिन बनवतं. ते रिसेप्टरवर बसतं आणि संदेश पुढे जाऊ देत नाही. त्याचं जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेले काही रुग्ण २०११ मध्ये ओळखले गेले. त्यांच्यात टी-पेशींपेक्षा न्यूट्रोफिलची झुंड मोठी असते आणि अंगभर टाचणीच्या डोक्याएवढे पूवाचे फोड येतात. हा पू जंतूंचा नव्हे, कल्चर निर्जंतुक येतं. या रिसेप्टरलाच बंद करणारं स्पेसोलिमॅब अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. एका ब्रेकची जागा औषधाने भरून काढण्याचं इतकं स्पष्ट उदाहरण त्वचारोगात दुसरं क्वचितच सापडेल.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं: ताप, थंडी, लाल तापलेली त्वचा आणि तिच्यावर बारीक पिवळे फोड, किंवा फोड नसले तरी जवळजवळ सगळं अंग लाल होऊन सोलवटणं, यांत मलम देऊन घरी पाठवू नका. बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात तातडीने पाठवा. अशा त्वचेतून पाणी, प्रथिनं आणि उष्णता निसटते, कॅल्शियम घसरू शकतं, हृदयावर ताण येतो. गर्भवती स्त्री असेल तर एक तासही घालवू नये.

आणि उलट चूकही होऊ देऊ नका. कुणी महिनाभर प्रेडनिसोलोन घेत असेल तर ‘हे वाईट आहे, आज बंद करा’ म्हणू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी तोवर झोपलेल्या असतात. कमी करायचं ते डॉक्टरने, पायरीपायरीने.

सत्तरीकार

आमच्या भागातलं एक सांगायला हवं. मार्च ते मे काजूचा हंगाम. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागतं आणि कातडी भाजून निघते. त्या तेलात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. ते नुसतं जाळत नाही, तर काहींच्यात टी-पेशींची अॅलर्जीही जागवतं. बिब्बा आणि आंब्याचा चीक त्याच कुळातले, त्यामुळे एकाची अॅलर्जी असलेल्याला दुसरंही बाधू शकतं. हा ऑटोइम्युन आजार नव्हे. पण सोरायसिस असलेल्या माणसाच्या हाताला अशी जखम झाली तर साधारण १० ते १४ दिवसांनी त्याच रेषेत सोरायसिस उठू शकतो. याला कोबनर परिणाम म्हणतात. वर सांगितलेली ठिणगी ती हीच.

म्हणून बिया फोडणाऱ्याला सोरायसिस असेल तर हातमोजे हवेतच, आणि तेल लागलं तर लगेच साबणाने धुवायचं, रगडून नव्हे. खाज सुटली म्हणून नखाने ओरबाडणंसुद्धा कोबनरला पुरतं.

त्वचावैद्य_फोंडा

सत्तरीकार यांचा मुद्दा बरोबर. त्याला जोडून पावसाळ्यातला मोठा घोळ लिहितो, कारण काउंटरवर तो रोज येत असणार.

जांघेतला, कमरेचा गोल लाल चट्टा म्हणजे या दमट हवेत आधी नायटा समजायचा. नायट्याची कड उठलेली असते आणि मधला भाग निवळलेला. सोरायसिसचा चट्टा सगळीकडे सारखा जाड, पापुद्रा चंदेरी, आणि कोपर, गुडघे, टाळू या जागा नेहमीच्या. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम नायट्याला लावलं की खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते, कारण तिला अडवणारी टीएच-१७ पेशींची फळी स्टेरॉइडने झोपवलेली असते. कड पुसट होते आणि मग त्वचावैद्यालाही ओळखणं अवघड जातं. शंका असेल तर कडेवरून पापुद्रा खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. तपासणी स्वस्त आहे, ती टाळायला कारण नाही.

आयएल-१७ आपला शत्रू नव्हे, ते कँडिडा बुरशी आणि स्टॅफ जंतूंपासून त्वचेला वाचवतं. म्हणूनच सेक्युकिनुमॅबसारखं आयएल-१७ अडवणारं इंजेक्शन घेणाऱ्याच्या तोंडात पांढरा थर येऊ शकतो. आला तर त्यावर बुरशीनाशक देतात, इंजेक्शन सहसा बंद करावं लागत नाही. आतड्याचा क्रोन्स आजार असलेल्याला मात्र आयएल-१७ अडवणारं औषध टाळतात, तो बळावू शकतो.

म्हापसा_फार्मसी

मग टीबी? आणि मेथोट्रेक्सेट या सोरायसिसच्या गोळीबद्दलही लिहा, त्याच्याच चिठ्ठ्या माझ्याकडे सर्वांत जास्त येतात.

पेशीशास्त्र

टीबीचे जंतू बऱ्याच भारतीयांच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं गाठीत कोंडलेले असतात. ती गाठ बांधून ठेवण्यात टीएनएफचा मोठा हात. अडालिमुमॅबसारखं औषध टीएनएफ काढून घेतं, गाठ सुटते, टीबी अंगभर पसरू शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि मँटू (त्वचेत टोचून केलेली टीबीची चाचणी) किंवा इगरा (रक्तातली चाचणी). बायोलॉजिक घेणाऱ्यासाठी मँटूची ५ मिलिमीटरची सूजही पॉझिटिव्ह धरतात. बीसीजीमुळे मँटू खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल तर दोन्ही तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. अहवालासोबत चालू औषधांची यादी डॉक्टरला दाखवा. सुप्त टीबी निघाला तर प्रतिबंधक उपचार सुरू करून किमान एक महिना थांबतात, मग बायोलॉजिक. आयएल-१७ आणि आयएल-२३ च्या औषधांत हा धोका बराच कमी, तरी तपासणी सोडत नाहीत. हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणीही त्याच वेळी.

टीएनएफबद्दल आणखी एक, कारण नियमन किती गुंतलेलं असतं ते यातून दिसतं. आतड्याच्या किंवा सांध्याच्या आजारासाठी टीएनएफ अडवणारं औषध घेणाऱ्या काहींना नव्याने सोरायसिस होतो, बऱ्याचदा तळहात-तळपायांवर. टीएनएफ एरवी त्या प्लाझ्मासायटॉइड पेशींना आवरतं. ते गेलं की इंटरफेरॉन-अल्फा मोकाट सुटतं. दाह पेटवणारं रसायनच दुसऱ्या ठिकाणी ब्रेक असतं. कर्करोगात सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे ब्रेक मुद्दाम सोडवणारी औषधं देतात, त्यांतही पुरळ, कोड आणि सोरायसिसची उसळी दिसते.

मेथोट्रेक्सेट. सोरायसिसची मात्रा आठवड्यातून एकदा ७.५ ते २५ मिलिग्रॅम. या मात्रेत त्याचं बरंचसं काम पेशीबाहेर अॅडेनोसिन वाढवून होतं, आणि अॅडेनोसिन टी-पेशी नि न्यूट्रोफिलना थंड करतं. फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात, म्हणून तीन आठवड्यांत निराश होऊन सोडू नये. घातक चूक एकच: रोज घेणं. तोंडात फोड, मग रक्तपेशी कोसळतात, जीव जातो. त्यावर उतारा फोलिनिक आम्ल, तोही लवकर आणि इस्पितळात. रोजची फोलिक आम्लाची गोळी ते काम करत नाही. फोलिक आम्ल ५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून देतात, मळमळ आणि तोंडाचे फोड त्याने कमी होतात.

को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक सोबत देऊ नका, दोन्ही फोलेटच्याच (फोलिक आम्लाच्या) मार्गावर घाव घालतात. औषध मूत्रपिंडातून जातं, तेव्हा जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेल्या आठवड्यात मात्रा घेण्याआधी डॉक्टरला विचारायला सांगा. फेणी असो वा बिअर, दारू यकृताला दुहेरी मार. गर्भवतीला आणि गर्भ राहू शकेल अशा काळात बिलकूल नाही. रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी तपासतात, नंतर दर २ ते ३ महिन्यांनी.

काढ्यांच्या बाबतीत एवढंच जोडतो. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत ऑटोइम्युनसारखा यकृतदाह झाल्याचा अहवाल मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद मिटेपर्यंत थांबायची गरज नाही: मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने गुळवेल घेऊ नये, असं मी ठामपणे सांगतो.

झुआरीकाठ

उन्हाबद्दल कुणी लिहिलं नाही. गोव्यात ‘समुद्रावर जा, ऊन घे, बरं होईल’ हा सल्ला सर्रास मिळतो. त्यात तथ्य आहे. अतिनील किरणांनी त्वचेतल्या हल्लेखोर टी-पेशी मरतात, युरोकॅनिक आम्लाचं रूप बदलून ते दाह दाबतं, टी-रेग वाढतात. इस्पितळातला ३११ नॅनोमीटरचा नॅरोबँड यूव्हीबी हेच काम मोजून करतो, आठवड्यातून २ ते ३ वेळा. किनाऱ्यावरच्या उन्हाला मोजमाप नाही. दुपारी १२ ला कळंगुटच्या वाळूत पडलेला माणूस भाजून निघाला तर तीच कोबनरची जखम.

त्याहून मोठं कारण असं की चट्टा सोरायसिसचाच आहे हे आधी ठरलेलं हवं. ल्युपस या दुसऱ्या ऑटोइम्युन आजारात उन्हाने मेलेल्या पेशींतली केंद्रक-प्रथिनं बाहेर पडतात, इंटरफेरॉन भडकतं आणि त्वचेसोबत मूत्रपिंडही धोक्यात येऊ शकतं. गालांवर आणि नाकावर लाली, सांधे दुखणं, उन्हाने वाढणारं पुरळ, अशा माणसाला ऊन घ्या म्हणणं म्हणजे त्याचं नुकसान करणं. ल्युपसला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतात, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत, आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी करत.

कोड आणि पेम्फिगस (अंगावर फोड येण्याचा आजार) हेही ‘ऑटोइम्युन’ या नावाखाली येतात, पण आतली यंत्रणा वेगळी. कोडात सीडी८ टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, त्वचापेशी सीएक्ससीएल१० बनवून आणखी तशाच पेशी बोलावतात आणि रंगपेशी मरतात. हा मार्ग जॅक एन्झाइममधून जातो, म्हणून जॅक अडवणारं रुक्सोलिटिनिबचं मलम चालतं. पेम्फिगसमध्ये बी-पेशींच्या अँटिबॉडीज डेस्मोग्लीन ३ आणि १ वर बसून त्वचापेशी एकमेकींपासून सुटवतात. तिथे रिटुक्सिमॅबने बी-पेशीच काढाव्या लागतात, बहुधा १ ग्रॅमच्या दोन मात्रा, दोन आठवड्यांच्या अंतराने. सोरायसिसचं औषध शेजाऱ्याच्या ‘ऑटोइम्युन’ला चालेल असं धरू नये.

म्हापसा_फार्मसी

भरपूर मिळालं, देव बरें करूं. मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर मी आता वार लिहून देणार आहे. नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ लिहिलेलं पुरेल का, की वारच हवा?

पेशीशास्त्र

वारच लिहा, आणि पूर्ण अक्षरात: ‘फक्त बुधवारी’. सोमवार टाळा, इंग्रजीतलं ‘Monday’ घाईत ‘morning’ असं वाचलं जाऊन गोळी रोज घेतली जाऊ शकते. फोलिक आम्लाच्या पाकिटावर वेगळा वार आणि वेगळ्या रंगाची शाई. एकावेळी चार आठवड्यांच्याच गोळ्या मोजून द्या. २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्या एकाच रुग्णाला कधी देऊ नका. दहाच्या चार गोळ्या ‘नेहमीच्या चार’ समजून घेतल्या की चौपट मात्रा पोटात जाते.